बिरागोच्या स्टुलाची कैफियत

मी एक जुनं, बुटकं लाकडी स्टूल आहे. माझ्या अंगावर एक तडा आहे, एका कुशीला काजळीचा डाग आहे, आणि भुताला थारा दिल्याचा आळही माझ्यावर एकदा आला होता. तडा वयाचा आहे, डाग सरपणाच्या खोलीतला आहे. आळ मात्र साफ खोटा होता. मित्रांनो, तो कसा आला आणि कसा गेला, तेवढं ऐकून घ्या. मी जरा फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.

कुमासी शहराबाहेर स्टुलं कोरणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथे माझा जन्म झाला. ज्या झाडातून मी निघालो, त्या झाडाला कारागिरानं आधी एक अंडं वाहिलं, त्याची माफी मागितली आणि मगच कुऱ्हाड उचलली. मला खिळा नाही, सांधा नाही. एकाच पांढऱ्या ओंडक्यातून मला कोरून काढलं. मधे खोलगट, दोन्ही टोकं वर उचललेली, आणि उंची म्हणाल तर जेमतेम एक वीत आणि वर चार बोटं.

आमच्याकडे स्टूल म्हणजे नुसतं बसायचं लाकूड नव्हे. ज्याचं स्टूल, त्याचा जीव त्यात असतो असं मानतात. म्हणून एकाच्या स्टुलावर दुसऱ्यानं बसायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मालक उठला की त्यानं आपल्या हातानं स्टूल कुशीवर आडवं करायचं. रिकामं स्टूल उभं राहिलं तर वाटेवरचं एखादं भटकं भूत येऊन त्यावर टेकतं आणि मग मालकाच्या अंगाला लागतं, असं जुनी माणसं सांगतात. माझ्यावर कधी कुणी भूत टेकल्याचं मला आठवत नाही. पण मोठ्यांचा शब्द कोण मोडणार?

लग्नात नवऱ्यानं बायकोला पहिली भेट स्टुलाची द्यायची, म्हणजे ती त्याच्या घरात टिकून बसते, अशी रीत आहे. तसा मी बिरागोकडे आलो. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मला पाहून ती भर मांडवात हसली.

"बसायला दिलंस खरं, पण मी काही बसणाऱ्यातली नाही, आधीच सांगून ठेवते!"

आणि तसंच झालं. तिचा नवरा लाकडाच्या लॉरीवर होता. लॉरीतळाशेजारी तिनं फुफूची खाणावळ काढली. पहाटे बाजार, मग चूल, मग रश्शाचं पातेलं, मग गिऱ्हाईक. पुढे नवरा तापानं गेला, मुली लग्न होऊन राजधानीला, आक्राला गेल्या, तरी खाणावळ एक दिवस बंद राहिली नाही. ती माझ्यावर टेकायची ती फक्त उखळाशी, फुफू फिरवायला.

फुफू कसा होतो ते ज्यानं पाहिलं नाही त्याला त्यातली जोखीम कळायची नाही. उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी उखळात घालायची. एक माणूस उभा राहून पुरुषभर उंचीच्या मुसळानं कांडतो. दुसरा खाली स्टुलावर बसून, दोन घावांच्या मधे हात घालून गोळा उलटतो. मुसळ वर गेलं की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. दोघांनी एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. नुसत्या ठेक्यावर भरवसा.

कांडायला बोआतेन होता. आडव्या बांध्याचा, गालफडावर जुनी खूण, तोंडाळ. पंधरा वर्षं तो वर आणि ती खाली, अशी जोडी जमली होती.

"माआमे, आज हात जरा सावकाश. माझं मुसळ दमतंय," तो म्हणायचा. आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला माआमे म्हणतात.

"मुसळ दमतंय की मुसळवाला? बायकोला सांग, दोन गोळे जास्त वाढ म्हणावं."

"बायको म्हणते, तिकडेच खा, तिकडेच राहा."

गिऱ्हाईकं हसायची. फुफू असा गुळगुळीत व्हायचा की लांबचे ड्रायव्हर भूक मारून आमच्या तळापर्यंत यायचे. गोळे वाढून झाले की बिरागो गुडघ्याला हात न लावता सरळ उठायची, एका हातानं मला कुशीवर लवंडायची आणि चुलीकडे जायची. दर शनिवारी ती मला वाळूनं घासून पांढराशुभ्र करायची. शेजारणी म्हणायच्या, बिरागोचं स्टूल बघा, कालच कोरून आणल्यासारखं आहे. मी फुगायचो. सव्वीस वर्षं मी असा मानानं उठलो-पडलो.

मग काहीतरी बिघडायला लागलं. पहिल्यांदा कळलं ते मलाच, कारण तिचा भार माझ्यावर असायचा. उठायच्या आधी ती गुडघ्यावर हात ठेवायला लागली. काही महिन्यांनी उखळाचा काठ धरायला लागली. त्यानंतर बोआतेननं मुसळ आडवं पुढे करायचं, तिनं ते धरायचं, त्यानं ओढायचं, आणि मला कुशीवरही त्यानंच करायचं. मिनीबसची पायरी चढताना ती दांडीला लोंबकळायची. डोक्याला रुमाल बांधायला हात वर केले की खांदे भरून यायचे, म्हणून ती रुमाल मांडीवर बांधून टोपीसारखा चढवायला लागली. सारखी तहान, सारखा थकवा, रात्रंदिवस हाडं ठणकायची. आणि दिसायला? दिसायला धडधाकट! ना ताप, ना सूज. हेच तर वाईट. जे दुखणं दिसत नाही त्याला लोक आळस म्हणतात.

"हे स्टूल फार खाली गेलंय का रे?" तिनं एकदा बोआतेनला विचारलं.

"स्टूल आहे तेवढंच आहे, माआमे."

एक ड्रायव्हर तोंडात घास घेऊन म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. बिरागोसुद्धा हसली. पण तिच्या मांड्या माझ्यावर थरथरत होत्या, ते फक्त मला ठाऊक होतं.

पुढे पुढे ती सगळे जाईपर्यंत बसून राहायची. मग जमिनीवर गुडघे टेकायची, उखळाला मिठी मारून, कण्हत, एकेक पाय रोवून वर यायची. वर आल्यावर पुन्हा वाकायची छाती कुणाची? वाकली असती तर तोंडावर आपटली असती. ती माझ्याकडे बघायची, "राहू दे रे बाबा आजच्या दिवस," म्हणायची, आणि भिंत धरून आत जायची. मी तिथेच उभा. असे कितीतरी 'आजचे दिवस' झाले.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पन्नाशीच्या बाईला रांगत उठावं लागतं हे सांगायला तिला लाज वाटायची. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

आणि एके दिवशी भर दुपारी ठेका चुकला. हात आत गेला आणि वेळेवर बाहेर आला नाही. मुसळ दोन बोटांवर आलं. घाव काही मोठा नव्हता, बोआतेननं शेवटच्या क्षणी ताकद काढून घेतली होती. तरी बोटं कटकन मोडली. तिच्या किंकाळीनं तळावरच्या लॉऱ्यांतली माणसं धावत आली. बोआतेननं मुसळ टाकलं आणि तो मटकन खाली बसला.

"माझा हात झडो! माझा हात झडो!" तो कपाळ बडवत होता.

"अरे, तुझी चूक नाही," बिरागो दातओठ खात म्हणाली. "माझाच हात जड झालाय."

पण त्यानं ऐकलं नाही. त्या दिवसापासून तो बाजारात सुरणाची पोती उचलायला जायला लागला. खाणावळीला कुलूप लागलं.

बातमी कळताच बिरागोची थोरली बहीण पोकुआ मांपोंगहून आली. डोक्यावर गाठोडं, तोंडाला टाळा नाही, मनानं लोण्यासारखी. दिवे लागायच्या वेळी ती अंगणात शिरली आणि तिला पहिलं दिसलो मी. उखळाशेजारी रिकामा, ताठ उभा.

"अगं बाई! हे उभं कुणी ठेवलं?"

पोकुआनं गाठोडं तिथेच खाली टाकलं.

"किती दिवस ठेवतेस असं? खरं सांग!"

"बरेच दिवस, अक्का."

"मग आणखी काय पाहिजे? मेलं कुणीतरी येऊन बसलं त्यावर! त्याचाच भार तुझ्या पायांत उतरलाय. आणि तू त्याच्यावर जाऊन बसतेस, कर्म माझं!"

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसऱ्या दिवशी माझ्यावर जिन दारू शिंपडली, पाला घासला आणि एक अंडं फोडलं. माझ्या जन्माआधी झाडाला अंडं वाहिलं होतं ते मानानं. हे दुसरं अंडं माझ्या अंगावरून ओघळलं तेव्हा मला इतकं अपमानाचं वाटलं की काय सांगू. मग पोकुआनं मला नाकाला कापड लावून उचललं आणि सरपणाच्या खोलीत, मोळ्यांच्या मागे ढकलून दिलं. तिथल्या काजळीचा डाग हा असा बसला तो बसलाच. अंगणात माझ्या जागी हातांची प्लास्टिकची उंच खुर्ची आली, वर दोन उशा.

पुढचं मी मोळ्यांआडून ऐकलेलं सांगतो. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं, आणि पोकुआ हळू बोलणाऱ्यांतली नव्हती.

घरीच बांधलेली बोटं काही जुळेनात, म्हणून बिरागो मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई हाडांचा फोटो बघून म्हणाल्या, एवढ्याशा मारानं अशी बोटं मोडत नाहीत, ही हाडं आतून पोकळ झालीत. मग त्यांनी रक्त तपासलं. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. गळ्यात चार बारक्या गाठी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. हाडांतलं कॅल्शियम रक्तात किती सोडायचं ते त्या ठरवतात. बिरागोची एक गाठ फुगून शेंगदाण्याएवढी झाली होती आणि हाडं लुटून सगळं रक्तात ओतत होती. रक्तात ते असं माजलं की स्नायू ढिले पडतात. मांड्या आणि खांदे आधी. उठवत नाही, हात वर जात नाही.

"म्हणजे शेंगदाण्याएवढ्या गाठीनं मला बसवून ठेवलं?" बिरागोनं विचारलं म्हणे.

"हो. ती काढून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. गळ्यावर आडवी बोटभर शिवण पडली. पण तिसऱ्या दिवशी बिरागोच्या ओठांना मुंग्या आल्या आणि हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली. पोकुआनं वॉर्डात एकच गलका केला, "बघा, गेलं नाही ते! आता हातांत शिरलंय!" नर्सबाईनं तिला खांद्याला धरून बसवलं आणि समजावलं. इतकी वर्षं उपाशी राहिलेली हाडं आता मिळेल ते कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेत होती, म्हणून रक्तात कमी पडलं होतं. सलाईनमधून कॅल्शियम दिलं, वर गोळ्या दिल्या, आणि बोटं सैल पडली. पोकुआ त्यावर एवढंच म्हणाली, "हाडं जेवतात हे मला आज कळलं."

बिरागो घरी आली. आता पोकुआची माया उतू जायला लागली. तिला काखेत धरून उठवायची, बसवायची, भरवायचीसुद्धा.

"अक्का, जरा माझी मी उठून बघू?"

"बस तू गुमान! मी मेलेय का?"

असं दीड महिना चाललं. मायेचाही भार होतो, मित्रांनो. ऑपरेशननं पायांतली बेडी काढली होती, पण पायांना कुणी चालूच देत नव्हतं.

सहा आठवड्यांनी तिला इस्पितळात व्यायामाच्या खोलीत बोलावलं. तिथे देला नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट होती, व्होल्टा भागातली. तिनं ऑपरेशनच्या आधीही बिरागोची परीक्षा घेतली होती. हाताची घडी छातीवर घालायची आणि खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजायचं. तेव्हा दोनदा जमलं होतं, तेही धापा टाकत. आता सात वेळा जमलं.

"सात! माआमे, शाब्बास!" देला टाळ्या वाजवत म्हणाली. पण बिरागोच्या तोंडावर काही हसू नव्हतं. "का हो? कमी वाटतात?"

"पोरी, ही खुर्ची तुझी. माझं उखळ जमिनीवर असतं. तिथे खुर्ची लावून फुफू फिरवता येत नाही. मला माझ्या स्टुलावरून उठायचंय."

"मग ते घेऊन या की."

 घरी येताना बिरागो बाजारात थांबली आणि पोती उचलणाऱ्या बोआतेनला हाक मारली. कित्येक महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकला तो सरपणाच्या खोलीच्या दाराशी. मोळ्या बाजूला झाल्या, उजेड आला, आणि त्याचा जाडजूड हात माझ्या टोकाला लागला.

"खबरदार!" पोकुआ दारात आडवी झाली. "त्याला बाहेर काढलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील! एवढी बरी झालीय ती, पुन्हा त्या भुताच्या मांडीवर बसवणार?"

बोआतेन मला धरून तसाच उभा राहिला. तेव्हा बिरागो भिंत धरत धरत तिथे आली.

"अक्का, बस. मला बोलायचंय."

"मला नाही बसायचं."

"मग उभ्यानं ऐक. मी स्टूल उभं ठेवलं म्हणून आजारी पडले नाही. मी आजारी पडले म्हणून स्टूल उभं राहिलं. उठल्यावर मला वाकता येत नव्हतं. त्याच्या आधी वर्षभर मी उखळाचा काठ धरून, बोआतेनच्या मुसळाला लटकून उठत होते. मग तर रांगत होते, अक्का, पोरासारखी रांगत होते! लाज वाटली म्हणून बोलले नाही. तुला मी नुसतं 'बरेच दिवस' सांगितलं आणि बिचाऱ्या लाकडाला फासावर दिलं."

"खरंय, अक्का," बोआतेन म्हणाला. "मुसळ पुढे करून मी ओढायचो तिला. तेव्हा स्टूल रोज आडवं असायचं. मीच करायचो आडवं."

पोकुआ दाराला टेकली.  मग तिचा आवाज आला तो अगदी वेगळा, बारीक.

"आई पण अशीच बसून राहायची. आठवतं? शेवटची दोन वर्षं. उठायचीच नाही. गळ्यापर्यंत तहान, पाण्याचा तांब्या जवळ. मी म्हणायचे, आळशी झालीय म्हातारी. तिच्या तोंडावर म्हणायचे गं."

आणि ती तिथेच, काजळीत, ओक्साबोक्शी रडली. बिरागोनं तिला जवळ घेतलं. भार कुणी कुणावर टाकला होता ते मला काही कळलं नाही, पण दोघी पडल्या नाहीत. देलाला हे कळलं तेव्हा, असं दुखणं घराण्यातही असू शकतं म्हणून, तिनं पोकुआचंही रक्त तपासून घ्यायला लावलं. ते ठीक निघालं, पण दरवर्षी तपासायचं ठरलं.

बोआतेननं मला वाळूनं घासलं. डाग गेला नाही. मग मी मिनीबसमधून, त्याच्या मांडीवर आडवा, इस्पितळात गेलो. देलानं मला पट्टीनं मोजलं आणि शीळ घातली.

"बाप रे, हे तर जमिनीलाच चिकटलंय! आणि उठल्यावर हे आडवं कोण करतं?"

"आता अक्का करते," बिरागो म्हणाली.

"तुम्हाला करायचंय?"

"ज्याचं स्टूल त्यानंच करायचं असतं."

"मग मी दोन्ही लिहिते. उठणं आणि वाकून आडवं करणं. दोन्ही झालं की मी तुम्हाला सुट्टी देणार, त्याआधी नाही."

पहिल्या दिवशी बिरागो माझ्यावर बसली आणि तिला तसूभरही उठता आलं नाही. मांड्या कापल्या, घाम फुटला, आणि ती तोंड झाकून रडली.  तिला उचलून देता आलं असतं तर! देलानं तिला रडू दिलं. मग बोआतेनला तीन जाड फळ्या कापून आणायला सांगितल्या. फळ्या माझ्याखाली घातल्या तेव्हा मी एकदम उंच झालो. त्या उंचीवरून ती उठली. पंधरा दिवसांनी देलानं एक फळी काढली. आणखी तीन आठवड्यांनी दुसरी. घरी रोज सकाळ-संध्याकाळ तोच अभ्यास, आणि कॅल्शियमच्या गोळ्या, आणि पोकुआनं हाडांसकट शिजवलेले मासे.

"फुफू न खाणाऱ्या पोरीकडून मी उठायला शिकतेय," बिरागो देलाला चिडवायची. व्होल्टाकडचे लोक फुफूऐवजी मक्याच्या पिठाचा गोळा, अक्प्ले, खातात.

"तुम्ही उठून दाखवा, मी फुफू खाऊन दाखवते."

तिसरी फळी मात्र हटेना. फळी काढली की बिरागो अर्ध्यात येऊन धपकन परत बसायची. एक आठवडा, दोन, चार, पाच.

"दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं," पोकुआ उसासा टाकून म्हणाली.

"मुंगी तर मुंगी," देला म्हणाली. "चालतेय ना?"

सहाव्या आठवड्यात बिरागोनं ठरवलं की खाणावळ उघडायची. देलानं बजावलं, उठायला जमलं नाही तर हाक मारायची, पडायचं नाही, हाडं अजून कच्ची आहेत. त्या शनिवारी बिरागोनं तिसरी फळी स्वतःच चुलीत घातली. पोकुआ ओरडली, पण फळीनं पेट घेतला होता. मी पुन्हा माझ्या खऱ्या उंचीवर, उखळाशेजारी, भुईवर टेकलो.

बिरागो माझ्यावर बसली. हात पाण्यात बुडवला. बोआतेन मुसळ धरून नुसताच उभा.

"अरे, कांड की!"

"माआमे, हात धजत नाही."

"बोटं माझी मोडली आणि भ्यायचं तू? उखळात डोकं घातलं तर मुसळाला कशाला घाबरू? चल!"

त्यानं डोळे मिटून पहिला घाव घातला. तिचा हात आत गेला, बाहेर आला. दुसरा घाव. आत, बाहेर. आधी सावकाश, मग हळूहळू तो जुना ठेका लागला आणि माझ्या तड्यापर्यंत जाणवायला लागला. तळावरचे ड्रायव्हर आवाज ऐकून जमा झाले. पहिल्यासारखा वेग नव्हता. मोडलेलं एक बोट अजून पुरतं वळत नव्हतं. पण गोळा गुळगुळीत झाला. पहिला गोळा शेवटच्या बाकावर बसलेल्या देलाला वाढला. फुफू खायचा शब्द पाळायला ती आली होती.

मग उठायची वेळ आली.

बोआतेननं सवयीनं मुसळ आडवं पुढे केलं. बिरागोनं ते बाजूला सारलं. पोकुआचे हात आपोआप पुढे आले, तेव्हा देला बाकावरूनच म्हणाली, "अक्का, हात!" पोकुआनं आपले दोन्ही हात कापडाच्या टोकात गुंडाळून घट्ट धरून ठेवले. नाचता येईना म्हणणारा तो ड्रायव्हरही तिथेच होता, घास हातातच धरून.

बिरागोनं पाय मागे घेतले, पुढे झुकली. उठली, अर्ध्यात थांबली, परत बसली. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी तिच्या मांड्या माझ्यावर थरथरल्या, ती थरथर मला ओळखीची होती. पण या वेळी थरथरीखाली काहीतरी घट्ट होतं. भार हलका झाला, आणखी हलका झाला, आणि मग माझ्यावर नुसतं ऊन होतं.

ती उभी होती. हात सुटे. श्वास जोरात चाललेला. पोकुआ पुटपुटली, "राहू दे गं, आजच्या दिवस मी करते."

"नाही अक्का," बिरागो म्हणाली.

मित्रांनो, माझं सांगणं आता संपत आलं. तुमच्याही घरात कुणी गुडघ्यावर हात ठेवून उठत असेल, जिन्याच्या पायरीवर थबकत असेल, केस विंचरताना हात खाली टाकत असेल. त्यांना आळशी म्हणू नका. वय झालं म्हणूनही सोडून देऊ नका. काय होतंय ते विचारा आणि डॉक्टरकडे न्या. आणि बरं व्हायला लागल्यावर त्यांना सगळ्याच वेळी उचलू नका. त्यांच्या जागेवरून त्यांचं त्यांना उठू द्या, तुम्ही फक्त जवळ उभे राहा. मी लाकूड असून मला हे कळलं, तुम्ही तर माणसं आहात.

बिरागो वाकली. मोडक्या बोटाचा हात माझ्या काजळीच्या डागावर ठेवला, आणि मला स्वतः कुशीवर आडवं केलं.

कान भुईला लागला तेव्हा मला तिची पावलं ऐकू आली. ती चुलीकडे चालली होती.